राष्ट्रीय विमानतळ संस्था आणि 'हरित विमानतळ': संशोधनात तिचं काम नेमकं काय, आणि खरी बचत कुठे होते?

खडूफळा

विमानतळांचे पर्यावरण अहवाल वाचतोय आणि एका ठिकाणी अडलोय. काही देशांत बहुतेक किंवा मुख्य विमानतळ एकाच सार्वजनिक संस्थेकडे असतात किंवा होते: नॉर्वेत ॲव्हिनॉर, स्वीडनमध्ये स्वीडाव्हिया, भारतात एएआय (भारतीय विमानतळ प्राधिकरण). या संस्थांच्या अहवालांत 'संशोधन' आणि 'हरित विमानतळ' हे शब्द जोडीनेच येतात. पण विमान त्यांचं नाही, इंजिन त्यांचं नाही, इंधन तेल कंपनीचं आणि ते भरणार विमान कंपनी. मग यांच्या हातात उरतं काय? टर्मिनलच्या छतावर सौर पॅनल आणि दिव्यांच्या जागी एलईडी, एवढंच?

माझे प्रश्न असे:

१. 'आमचा विमानतळ कार्बन-न्यूट्रल आहे' म्हणताना हिशोबात काय धरतात, काय सोडतात?
२. जमिनीवरच्या विमानाचं इंधन विमानतळ खरोखर वाचवू शकतो का? आकड्यांत किती?
३. उपकरणं बसवूनही बचत दिसत नाही असं बऱ्याचदा ऐकतो. का?
४. प्रयोगशाळा नसलेली संस्था संशोधन करते म्हणजे काय करते?

जाहिराती नकोत, कामाचा तपशील हवा.

---

ॲप्रन_कंट्रोल

पहिले दोन प्रश्न एकत्र घेतो, कारण पहिल्याचं उत्तर कळलं की दुसरा किती मोठा आहे ते आपोआप दिसतं.

हिशोबाचे तीन कप्पे असतात. पहिला कप्पा संस्था स्वतः जे जाळते त्याचा: अग्निशमन गाड्या, धावपट्टी तपासणीची वाहनं, डिझेल जनरेटर, बॉयलर, अग्निशमन सरावात जाळलेलं इंधन आणि एसी यंत्रणेतून गळणारा वायू (हा शेवटचा बरेच जण विसरतात). दुसरा कप्पा विकत घेतलेल्या विजेचा. तिसऱ्यात बाकी सगळं येतं: विमानं, ग्राउंड हँडलरची (विमानाची जमिनीवरची सेवा करणाऱ्या कंपनीची) वाहनं, प्रवाशांच्या गाड्या, दुकानदारांची वीज.

विमानतळांची संघटना असलेल्या एसीआय युरोपने २००९ मध्ये सुरू केलेली 'एअरपोर्ट कार्बन ॲक्रेडिटेशन' ही योजना बहुतेक ठिकाणी वापरतात. तिच्यातली 'न्यूट्रॅलिटी' म्हणजे ३+ ही पातळी मुख्यतः पहिल्या दोन कप्प्यांची. कमी होतं तेवढं करायचं, उरलेल्याची ऑफसेटने (दुसरीकडे झालेली उत्सर्जन-कपात विकत घेऊन) भरपाई करायची. विमानाचं संपूर्ण उड्डाण त्यात येतच नाही. ते चौथ्या पातळीपासून मोजावं लागतं, आणि चौथी पातळी आली २०२० मध्ये. म्हणून 'कार्बन-न्यूट्रल विमानतळ' असा फलक दिसला की पातळी कोणती ते आधी विचारावं. स्वीडाव्हियाने २०२० पर्यंत आपल्या दहाही विमानतळांवरच्या स्वतःच्या कामकाजातलं जीवाश्म इंधन शून्यावर आणलं. ते काम खरंच मोठं आहे. पण त्यातला 'स्वतःच्या' हा शब्द खोडून वाचू नये.

आता विमान. आयकाओचं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं) प्रमाणित लँडिंग-टेकऑफ चक्र ३,००० फुटांखालचं असतं. त्यात टेकऑफला ०.७ मिनिट, चढाईला २.२, उतरण्याला ४ आणि टॅक्सीला (विमान उभं करायचा स्टँड आणि धावपट्टी यांच्यातल्या जमिनीवरच्या चालीला) तब्बल २६ मिनिटं धरली आहेत. टॅक्सीत इंजिन ७ टक्के थ्रस्टवर धरतात. ए-३२० सारख्या दोन इंजिनांच्या विमानाची दोन्ही इंजिनं आयडलवर मिनिटाला साधारण १२ किलो इंधन पितात. २६ मिनिटांचे झाले सुमारे ३१० किलो. दर किलो इंधनामागे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका चक्रात टनाच्या आसपास, आणि विमान जमिनीवरच. प्रत्यक्ष टॅक्सीची वेळ प्रत्येक विमानतळावर वेगळी असते. लहान ठिकाणी दहा मिनिटांतही सगळं उरकतं. तरी दिवसाला शेकडो विमानं हलतात तिथे टॅक्सीचं एक सरासरी मिनिट कमी झालं, तर छतावरच्या पॅनलांशी त्याची तुलना करून बघा.

दुसरी जागा म्हणजे स्टँडवरचा एपीयू, विमानाच्या शेपटीतली छोटी टर्बाइन. उभ्या विमानाला वीज आणि थंड हवा तीच देते. एकमार्गिका (आसनांमध्ये एकच वाट असलेल्या, ए-३२० सारख्या) विमानात ती तासाला साधारण १०० ते १३० किलो इंधन खाते. ४५ मिनिटांच्या टर्नअराउंडमध्ये (येऊन पुन्हा निघेपर्यंतच्या थांब्यात) सुरूच ठेवली तर ८० किलोच्या आसपास गेले. जमिनीवरून वीज आणि हवा दिली तर सुरुवातीची पाचेक मिनिटं आणि निघण्याआधीची दहा मिनिटं एवढीच तिची गरज. मधला अर्धा तास बंद, म्हणजे ५५ किलो इंधन, १७० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड वाचला.

यावर नेहमीचा आक्षेप: 'पण वीज कोळशाची असेल तर?' तरी फायदाच. विमानाची वीज ४० किलोवॅट आणि हवेचं यंत्र ८० किलोवॅट धरलं, तर अर्ध्या तासाचे ६० युनिट. युनिटमागे ०.७ किलो असा चांगलाच कोळसाळलेला ग्रिड धरला तरी ४२ किलो. एपीयू जमिनीवरच्या हलक्या भारावर फार अकार्यक्षमपणे चालतो, म्हणून हा फरक एवढा.

---

चारशे_हर्ट्झ

वर सांगितलेला अर्धा तास कागदावर सुटसुटीत दिसतो. ॲप्रनवर (विमानं उभी राहतात त्या पटांगणावर) तो का हुकतो ते सांगतो, म्हणजे तिसरा प्रश्न.

सगळ्यात मोठं कारण: वीज दिली, हवा दिली नाही. विमानतळ एरोब्रिजखाली ४०० हर्ट्झचे कन्व्हर्टर (ग्रिडची वीज विमानाला चालेल अशी करणारी यंत्रं) बसवतो, त्याचे फोटो अहवालात येतात, आणि प्रीकंडिशन्ड एअर (जमिनीवरून दिलेली गार हवा) म्हणजे पीसीए पुढच्या टप्प्यावर ढकलतो, कारण ती महाग आणि तिची देखभाल कटकटीची. मग उन्हाळ्यात होतं काय? विमान वीज जमिनीवरून घेतं आणि केबिन गार ठेवायला एपीयू चालूच ठेवतं. आता तो फक्त ब्लीड हवेसाठी (विमानाच्या एसीला लागणाऱ्या दाबाच्या हवेसाठी) चालतो, पण इंधन फारसं कमी जळत नाही. उष्ण हवामानात पीसीए नसलेला स्टँड अर्धवटच समजावा.

विजेची बाजू: विमानाला हवी ११५/२०० व्होल्ट, तीन फेज, ४०० हर्ट्झ. एकमार्गिका विमानाला ९० केव्हीएचा एक प्लग, मोठ्या विमानांना दोन, ए-३८० ला चार. केबलचा इंडक्टिव्ह रोध फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या आठपट. त्यामुळे एका मोठ्या कन्व्हर्टरवरून सगळ्या ॲप्रनला ४०० हर्ट्झ फिरवण्यापेक्षा प्रत्येक ब्रिजला स्वतंत्र कन्व्हर्टर बरा पडतो. कन्व्हर्टरमध्ये केबलमधल्या व्होल्टेज घटीची भरपाई करणारी सेटिंग असते. झिजलेली केबल बदलताना कमी-जास्त लांबीची लावली आणि ही सेटिंग तशीच राहिली, की प्लगपाशी व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं आणि विमानाचं संरक्षक युनिट पुरवठा नाकारतं. तक्रार मात्र येते 'जीपीयू (जमिनीवरचं वीजयंत्र) खराब आहे' अशी. दोनदा असं झालं की वैमानिक तिसऱ्यांदा प्रयत्नच करत नाही, एपीयू चालू.

प्लगला सहा खाचा असतात: चार मोठ्या (तीन फेज आणि न्यूट्रल) आणि दोन छोट्या, ई आणि एफ. छोट्या दोन इंटरलॉकच्या. प्लग नीट बसला नसेल तर त्या पुरवठा जोडूच देत नाहीत. प्लग जमिनीवर आपटून, ओढत नेऊन याच दोन आधी सैल होतात. मोठ्या खाचा सैल झाल्या तर तापतात आणि विमानाच्या बाजूचा रिसेप्टॅकलही भाजून काढतात. प्लगचं तोंड वेगळं बदलता येतं, अख्खी केबल बदलायची गरज नसते. तपासणीचं वेळापत्रक महिन्यांवर न ठेवता किती वेळा जोडला यावर ठेवावं. गर्दीच्या स्टँडवरचा प्लग कोपऱ्यातल्या स्टँडवरच्यापेक्षा कितीतरी लवकर झिजतो.

हवेची बाजू: होज पूर्ण उलगडली पाहिजे. वीस मीटरच्या होजला एक घडी पडली तरी प्रवाह घटतो, आणि तापलेल्या काँक्रीटवर लोळणारी होज विमानापर्यंत पोचताना हवा गरम करते. म्हणून यंत्राच्या तोंडाशी मोजलेल्या तापमानाला काही अर्थ नाही, ते विमानाच्या जोडापाशी मोजा. केटरिंगसाठी पुढचे-मागचे दोन्ही दरवाजे उघडे आणि खिडक्यांची झापडं वर, अशा अवस्थेत कुठलीही पीसीए हरते.

क्रम असा: चॉक (चाकांचे अडसर), मग वीज, वैमानिकाला उपलब्ध असल्याचा दिवा दिसला की बाहेरचा पुरवठा चालू, पॅक (विमानाचा स्वतःचा एसी) बंद, मग होज जोडून हवा सुरू, आणि शेवटी एपीयू बंद. ए-३२० मध्ये विमानाचे पॅक आणि जमिनीवरची हवा एकाच वेळी वापरायची नाही, झडपा थडथडतात. ग्राउंड क्रू आणि कॉकपिट यांच्यात 'हवा जोडली' हा निरोप ठरलेला नसेल तर नेमकं इथेच अडतं.

आणि शुल्क. वीज-हवेचा दर मिनिटावर लावला आणि तो एपीयूच्या इंधनखर्चाच्या वर गेला, तर विमान कंपनी वापरणार नाही, मग पर्यावरण धोरणात काहीही लिहिलेलं असो. पार्किंग किंवा लँडिंग शुल्कातच ते मिसळलं तर वापरायला कोणी कचरत नाही, पैसे दिलेलेच असतात. सोबत नियम लागतो. कोपनहेगनला एपीयू आल्यावर पाच मिनिटं आणि निघण्याआधी पाच मिनिटं अशी मर्यादा आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या पर्यायी इंधन पायाभूत सुविधा नियमाने मुख्य विमानतळांना ब्रिजच्या स्टँडवर २०२४ अखेर आणि दूरच्या स्टँडवर २०२९ अखेर वीज द्यायला सांगितली आहे. नीट वाचा, नियम विजेबद्दल आहे. हवेची सक्ती नाही.

---

खडूफळा

हे फारच उपयोगी. एक उपप्रश्न: स्टँडच्या वीज मीटरवरून एपीयू किती मिनिटं बंद राहिला ते काढता येईल का? म्हणजे अहवालातला 'एपीयू बचत' आकडा तपासता येईल.

---

चारशे_हर्ट्झ

एकट्या मीटरवरून नाही. ए-३२० मध्ये बाहेरचा पुरवठा चालू केला की त्याला एपीयू जनरेटरपेक्षा प्राधान्य मिळतं. म्हणजे मीटर ४० किलोवॅट दाखवतो आणि एपीयू ब्लीडसाठी शेजारीच धडधडत असतो. बहुतेक अहवाल 'प्लग जोडलेली मिनिटं = एपीयू बंद मिनिटं' धरतात आणि बचत फुगते. पीसीएचा प्रवाह आणि वीज दोन्ही एकाच वेळी चालू असतील तेवढीच मिनिटं धरली तर अंदाज बराच जवळ येतो. खरी नोंद विमानाच्या डेटा रेकॉर्डरमध्ये असते आणि ती विमान कंपनीकडे. ती मिळत नसेल तर काही स्टँडवर शेपटीकडे रोखलेला थर्मल कॅमेरा नमुन्यादाखल लावून मीटरच्या आकड्याशी ताडून पाहावा.

---

टीओबीटी_पाळा

टॅक्सीबद्दल लिहितो. वर २६ मिनिटं दिली आहेत, पण गर्दीच्या वेळी त्यातली बरीचशी मिनिटं विमान धावपट्टीच्या रांगेत उभं असतं. हे कमी करायला नवं यंत्र लागत नाही, माहितीची देवाणघेवाण लागते. तिचं नाव ए-सीडीएम, म्हणजे विमानतळावर सगळ्यांनी मिळून निर्णय घेण्याची पद्धत. युरोपात ती पूर्णपणे राबवणारा पहिला विमानतळ म्युनिक, २००७ मध्ये.

थोडक्यात: विमान कंपनी किंवा हँडलर सांगतो की विमान अमुक वाजता निघायला पूर्ण तयार असेल (टीओबीटी). यंत्रणा धावपट्टीची क्षमता, त्या स्टँडपासूनचा टॅक्सी वेळ आणि पुढचे निर्बंध बघून इंजिन सुरू करायची वेळ देते (टीसॅट). विमान रांगेत न उभं राहता स्टँडवरच थांबतं. थांबताना एपीयू चालू असला तरी मिनिटाला सुमारे २ किलो, रांगेत इंजिनं चालू असती तर १२. म्हणजे मिनिटाला दहा किलो निव्वळ बचत. ही बचत बांधकामाशिवाय मिळते, म्हणून मला ती सौर पॅनलांपेक्षा जास्त पटते.

बिघडतं कुठे?

टीओबीटी खोटा असतो. बोर्डिंग अर्धं राहिलेलं असतं आणि रांगेतली जागा जाऊ नये म्हणून हँडलर जुनी वेळ तशीच ठेवतो. टीसॅटच्या पाच मिनिटं मागेपुढे या खिडकीत विमान तयार नसलं की ती जागा फुकट जाते. उपाय रूक्ष आहे: प्रत्येक हँडलरचा टीओबीटी किती मिनिटांनी चुकला याची रोजची यादी सगळ्यांसमोर ठेवायची आणि शेवटच्या काही मिनिटांतले बदल मोजायचे.

दुसरं, विमान कंपनीची वक्तशीरता ब्लॉकमधून (स्टँडवरून) निघण्याच्या वेळेवर मोजतात. स्टँडवर दहा मिनिटं थांबवलं तर तिच्या आकडेवारीत ते उशीर म्हणून दिसतं, रांगेत उभं राहिलं तर दिसत नाही. हा हिशोब बदलल्याशिवाय कंपन्या मनापासून साथ देत नाहीत.

तिसरं, टॅक्सी वेळेचा तक्ता. सगळ्या स्टँडना एकच सरासरी लावली तर अर्धी विमानं धावपट्टीपाशी लवकर पोचतात आणि रांग परत तयार. स्टँड, वापरातली धावपट्टी आणि शक्य तर दिवसाची वेळ यांनुसार वेगळा तक्ता लागतो, आणि टॅक्सी वे दुरुस्तीला बंद झाला की त्याच दिवशी तो बदलावा लागतो. चौथं, स्टँडच कमी असतील तर येणाऱ्या विमानाला जागा करायला थांबलेल्याला बाहेर ढकलावं लागतं. तिथे ए-सीडीएम हतबल आहे.

एका इंजिनावर टॅक्सी करणं हा निर्णय वैमानिकाचा. दुसरं इंजिन उड्डाणाआधी काही मिनिटं तापवावं लागतं, म्हणून टॅक्सी लांब असेल तरच फायदा. चढ, ओला पृष्ठभाग आणि चालू इंजिनाच्या बाजूचं तीव्र वळण इथे जोर जास्त द्यावा लागतो आणि मागे झोत बसतो. विमानतळाने करायचं ते एवढंच: 'अजून किती वेळ' हे वैमानिकाला विश्वासाने सांगायचं.

टॅक्सीबॉटचं नाव कोणी काढण्याआधीच. वैमानिक स्वतः चालवतो असा हा टग, इस्रायल एअरोस्पेस इंडस्ट्रीजचा. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत ए-३२० वर प्रवासी उड्डाणासाठी तो वापरला. साध्या टगने भरलेलं विमान लांब ओढलं तर नाकाच्या चाकाच्या दांड्यावर थकव्याचा भार पडतो. टॅक्सीबॉट तो भार मर्यादेत ठेवतो. विमानतळापुढचा प्रश्न जागेचा आहे: धावपट्टीजवळ सुटण्याची जागा हवी, आणि सुटलेल्या टगला टॅक्सी वे न अडवता परत यायला वेगळा रस्ता हवा. तो रस्ता नसेल तर टगच रांग वाढवतो.

---

मोजून_बघू

चौथा प्रश्न घेतो.

विमानतळ संस्थेचं संशोधन म्हणजे कल्पना शोधणं क्वचितच. ते काम विद्यापीठं आणि उत्पादक करतात. संस्थेकडे असं काही असतं जे त्यांच्याकडे नसतं: चालू ॲप्रन, वर्षानुवर्षांच्या वेळांच्या नोंदी, आणि चाचणीला परवानगी देण्यासाठी लागणारी सुरक्षा कागदपत्रं करण्याचा अधिकार. युरोपची हवाई वाहतूक संस्था युरोकंट्रोल, तिच्या नव्या कल्पना पडताळायच्या ई-ओसीव्हीएम पद्धतीत व्ही१ ते व्ही३ असे संशोधनाचे टप्पे आहेत: आधी कल्पनेची व्याप्ती, मग ती जमेल का, मग प्रत्यक्ष वातावरणाच्या जवळ नेऊन पडताळणी. विमानतळाची गरज सगळ्यात जास्त लागते ती व्ही३ ला. बरेच प्रकल्प तिथेच मरतात, कारण सिम्युलेटरमध्ये पाऊस नसतो आणि हँडलरची पाळी बदलत नाही.

देशभराची एकच संस्था असण्याचा फायदा इथे दिसतो. एएआय १ एप्रिल १९९५ रोजी दोन जुन्या प्राधिकरणांच्या विलीनीकरणातून झाली आणि तिच्याकडे विमानतळांसोबत हवाई वाहतूक नियंत्रणही आहे. हे मिश्रण दुर्मीळ आहे. त्यामुळेच गगन शक्य झालं: इस्रो आणि एएआयने मिळून उभारलेली, जीपीएसच्या संकेतात दुरुस्ती करणारी उपग्रह यंत्रणा. जीसॅट-८, १० आणि १५ यांवर तिचे पेलोड आहेत. भारताचा नागरी विमान नियामक डीजीसीएने ३० डिसेंबर २०१३ ला मार्गावरच्या उड्डाणासाठी आणि २१ एप्रिल २०१५ ला उभ्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी तिला प्रमाणित केलं. प्रवासी कंपनीच्या विमानाने तिचा वापर करून उतरण्याची चाचणी झाली एप्रिल २०२२ मध्ये, किशनगडला, एटीआर विमानाने. प्रमाणन आणि वापर यांत सात वर्षं गेली! आकाशातला संकेत तयार असून भागत नाही, विमानात रिसीव्हर हवा, प्रत्येक धावपट्टीसाठी कार्यपद्धती आखून तपासावी लागते, वैमानिकांना प्रशिक्षण द्यावं लागतं. संशोधनाचं अंदाजपत्रक करताना हा शेवटचा भाग नेहमी कमी धरला जातो.

पर्यावरणाशी संबंध असा: आयएलएस (धावपट्टीवर उतरण्याचा मार्ग दाखवणारी जमिनीवरची रेडिओ यंत्रणा) नसलेल्या लहान विमानतळावर उभं मार्गदर्शन मिळालं की विमान पायऱ्या-पायऱ्यांनी न उतरता सलग उताराने येऊ शकतं, आणि ढग खाली आले म्हणून दुसरीकडे वळवण्याची पाळी कमी येते. एक वळवलेलं उड्डाण अनेक टॅक्सी मिनिटांची बचत खाऊन टाकतं.

चाचणी कशी आखावी ते थोडं सांगतो, कारण 'आधी-नंतर' तुलनेने सगळ्यांचीच फसगत होते. मार्चमध्ये मोजलं, एप्रिलमध्ये यंत्र बसवलं, मेमध्ये परत मोजलं, तर मोजला गेला उन्हाळा. त्यापेक्षा सारखेच स्टँड निवडून काहींवर नवी पद्धत, काहींवर जुनी ठेवा आणि ठरावीक काळाने अदलाबदल करा. विमानाचे प्रकार वेगळे मोजा. ७८७ मध्ये ब्लीड हवाच नसते, इंजिन विजेवर सुरू होतं, त्याला ए-३२० च्या सरासरीत मिसळलं की दोन्ही आकडे निरुपयोगी. चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि चाचणीच्या आधी वेळेची व्याख्या तपासा. एका टर्मिनलमध्ये 'ऑन-ब्लॉक' (विमान स्टँडवर थांबल्याची वेळ) डॉकिंग यंत्रणा आपोआप नोंदवते, दुसऱ्यात माणूस हाताने, तोही पाच मिनिटांच्या पटीत. अशा नोंदींतून दोन मिनिटांची सुधारणा शोधणं व्यर्थ आहे. ठरावीक काळातल्या वेळांचा हिस्टोग्राम (कुठलं मिनिट किती वेळा आलं याचा स्तंभालेख) काढा. शून्य आणि पाचवर खांब उभे दिसले की समजायचं, हाताने भरलंय.

खर्च-लाभाची गाठही इथेच. यंत्राचा खर्च विमानतळाचा, इंधनाची बचत विमान कंपनीची. नियामकाने हा खर्च शुल्क ठरवताना धरू दिला नाही तर चाचणी यशस्वी होऊनही पुढे सरकत नाही.

---

काचेआड

सौर आणि एलईडीवर सगळे नाकं मुरडताहेत, म्हणून थोडी बाजू घेतो आणि थोडे खड्डे दाखवतो.

कोची विमानतळ १८ ऑगस्ट २०१५ पासून १२ मेगावॅट पीकच्या प्रकल्पामुळे पूर्ण सौरऊर्जेवर म्हणवला जातो. (तो एएआय चालवत नाही, वेगळी कंपनी आहे.) तिथे ग्रिड बँकेसारखा वापरतात: दिवसा जास्तीची वीज द्यायची, रात्री परत घ्यायची. म्हणजे 'पूर्ण' हा हिशोब वर्षाच्या बेरजेचा आहे, प्रत्येक तासाचा नाही. रात्री दोनला उतरणाऱ्या विमानाला मिळणारी वीज ग्रिडचीच.

पॅनल कुठे लावायचे यावर बंधनं आहेत. धावपट्टीभोवतीच्या मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यात नाहीत, आयएलएसच्या संवेदनशील क्षेत्रात नाहीत. पट्ट्याच्या कडेपासून अडथळा-मर्यादा पृष्ठभाग (ज्याच्या वर काहीही डोकावू नये अशी काल्पनिक चढती पातळी) मोठ्या उपकरण-धावपट्टीला १४.३ टक्क्यांनी चढतो. पट्ट्याच्या पातळीवरच्याच जमिनीवर दोन मीटर उंच पॅनल लावायचा, तर तो कडेपासून किमान १४ मीटर लांब. चकाकीचं गणित वर्षभराच्या सूर्यमार्गावर, टॉवरच्या खिडकीच्या नेमक्या उंचीवरून करावं. अमेरिकेचा विमान नियामक एफएए, त्याच्या २०२१ च्या धोरणाचा भर टॉवरवरच आहे. पॅनलांखाली सावली आणि आडोसा मिळतो, पक्षी घरटी करतात. त्यामुळे जाळी आणि नियमित पाहणी खर्चात धरा, नाहीतर वीज वाचवून पक्षी-धडकेचा धोका विकत घेतल्यासारखं होईल.

धावपट्टीचे दिवे ६.६ अँपिअरच्या सिरीज सर्किटवर असतात, कॉन्स्टंट करंट रेग्युलेटरमधून (विजेचा प्रवाह कायम ठेवणाऱ्या यंत्रातून). हॅलोजन काढून एलईडी लावले की सर्किटचा भार एकदम उतरतो. रेग्युलेटर मात्र जुन्या भारासाठी मापलेला, तो क्षमतेच्या थोड्याशा भागावर चालला की पॉवर फॅक्टर बिघडतो, हार्मोनिक्स वाढतात आणि कागदावरची बचत बिलात उतरत नाही. टॅप बदला, सर्किटं एकत्र करा किंवा रेग्युलेटरही लहान घ्या. दिवा गेल्याची सूचना देणारी यंत्रणा सेकंडरी (दिव्याच्या बाजूचं सर्किट) उघडी पडली का ते पाहते. बिघडलेला एलईडी तसाच वागेल असा घेतला पाहिजे, नाहीतर दिवा विझतो आणि पॅनलवर सगळं हिरवं. एकाच रांगेत हॅलोजन-एलईडी मिसळू नका, कमी प्रकाशाच्या पायरीवर दोन्ही वेगळे दिसतात. आणि बर्फाच्या प्रदेशात एलईडी स्वतः तापत नाही, काचेवरचा बर्फ वितळत नाही. हीटर लावला की बचतीतला वाटा तो घेतो.

टर्मिनलच्या थंडाव्यात मात्र भरपूर शिल्लक आहे. ऑस्लोला हिवाळ्यात साचवलेला बर्फ उन्हाळ्यात टर्मिनल गार करायला वापरतात, स्टॉकहोम आर्लांडाला जमिनीखालच्या जलधरात ऋतूनुसार गारवा-ऊब साठवतात. असं काही नसलं तरी उड्डाणांच्या वेळापत्रकाशी एसी जोडला आणि रिकाम्या गेटचा भाग ढिला सोडला, तर बांधकामाशिवाय बचत होते.

---

खडूफळा

शेवटचं विचारतो. शाश्वत विमान इंधन आणि विजेवरची विमानं यांत या संस्था काय करू शकतात?

---

मोजून_बघू

इंधनात वाटा कमी, पण शून्य नाही. शाश्वत इंधन साध्या जेट इंधनात मिसळून प्रमाणित झालं (सध्या जास्तीत जास्त ५० टक्के) की ते कायद्याने साधं जेट इंधनच असतं. त्याला वेगळी टाकी, वेगळी हायड्रंट (जमिनीखालची इंधन) वाहिनी लागत नाही. ॲव्हिनॉरने जानेवारी २०१६ मध्ये ऑस्लोला ते नेहमीच्या पुरवठ्यातून सुरू केलं. त्यात त्यांचं काम तंत्राचं कमी आणि तेल कंपनी, विमान कंपन्या यांना एका टेबलावर आणण्याचं जास्त होतं. मागणी येते ती सक्तीतून: युरोपीय संघात २०२५ पासून २ टक्के, २०३० पासून ६. भारताचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का. एखाद्या विशिष्ट विमानात ते रेणू गेले का हे कोणी सांगू शकत नाही, हिशोब कागदावर चालतो. म्हणून 'आमच्या विमानतळावरून हरित उड्डाण' या घोषणेमागे खरेदीची नोंद मागावी.

विजेवरच्या विमानांत चाचणीचं मैदान देणं हे खरं काम. ॲव्हिनॉरने २०१८ मध्ये दोन आसनी पिपिस्ट्रेल अल्फा इलेक्ट्रो उडवलं. पुढच्या वर्षी ते शक्ती गेल्यामुळे एका तळ्यात उतरवावं लागलं, दोघेही सुखरूप. २०२४ मध्ये नॉर्वेने अशा विमानांसाठी आंतरराष्ट्रीय चाचणी क्षेत्र जाहीर केलं, ॲव्हिनॉर आणि तिथलं नागरी विमान प्राधिकरण मिळून. छोट्या धावपट्ट्या आणि छोटे टप्पे तिथे आहेतच.

आत्ता मोजायला हवी अशी गोष्ट म्हणजे ग्रिडची जोडणी. समजा लहान प्रवासी विमानात ६०० युनिट भरायचे आणि टर्नअराउंड ३६ मिनिटांचा, म्हणजे एक मेगावॅट. लहान विमानतळाची मंजूर जोडणी काही शे किलोवॅटची असेल, तर मध्ये बॅटरी ठेवून २५० किलोवॅटने २ तास २४ मिनिटांत ती भरता येते. पण लागोपाठ दोन विमानं आली की दुसऱ्याला वीज उरत नाही. तेव्हा बॅटरीचं माप ठरवताना दिवसाची एकूण उड्डाणं धरून चालत नाही, वेळापत्रकातला सगळ्यात छोटा खंड धरावा लागतो. नवी मोठी जोडणी मिळायला वर्षं लागू शकतात, म्हणून अर्ज विमान प्रमाणित होण्याच्या आधी करावा लागतो. चार्जरचा स्टँड इंधन भरण्याच्या जागेपासून दूर, आणि अग्निशमन पथकाला लिथियम आगीचा सराव: ती विझल्यावरही पुन्हा पेटू शकते, म्हणून पाण्याने बराच वेळ गार ठेवावी लागते आणि तेवढा वेळ एक गाडी तिथे अडकून राहते. लहान विमानतळावर गाडी एकच असली तर तेवढा वेळ धावपट्टी बंद, हेही वेळापत्रकात धरायला हवं.